नलावड्यांच्या ट्रॅक्टरवरची वहिवाट

आनंदराव नलावडे यांच्या ट्रॅक्टरांवर शेड उभारायला पावसाने हरकत घेतली, आणि हरकत मुदतीत आल्यामुळे तलाठ्यांना ती दाखल करून घ्यावी लागली.

त्या तालुक्यात नियम साधा आहे. एखादी गोष्ट कुणी बारा वर्षं सलग, उघडपणे आणि परवानगी न घेता वापरली, तर तिच्यावर त्याची वहिवाट लागते. नलावड्यांचा लाल ट्रॅक्टर आंबळवाडीतल्या त्यांच्या अंगणात चौदा वर्षं उघड्यावर उभा होता. पाऊस चौदा वर्षं त्याच्यावर पडत होता. परवानगी त्याने कधी मागितली नव्हती.

आनंदराव आसपासच्या चार गावांत भाड्याने नांगरट करायचे. लाल ट्रॅक्टर चौदा वर्षांपूर्वी नवा घेतलेला होता आणि जोडीला चार वर्षांपूर्वी एक निळा, जुना, बऱ्या अवस्थेतला आणला होता. दोन्ही ट्रॅक्टरांची देखभाल आनंदराव करत, पण त्यांना झाकायचं काम त्यांच्या बायकोचं, शालनचं होतं. आभाळ भरून आलं की आनंदराव पडवीतून ओरडत, "शालन, ताडपत्री!" आणि शालन हातातलं टाकून धावत सुटे. आधी सायलेन्सरच्या तोंडावर डबा पालथा घालायचा, मग सीटवर पोतं, मग ताडपत्री, मग ताडपत्रीच्या चार कोपऱ्यांना चार विटा. एवढं होईतो ती स्वतः चिंब झालेली असे.

गेल्या ऑगस्टमध्ये ती अंगणातल्या शेवाळावरून घसरली आणि तिचं मनगट मोडलं. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. प्लास्टर निघालं त्या दिवशी ती नवऱ्याला शांतपणे म्हणाली, "ह्या साली शेड झालं न्हाई, तर ताडपत्री तुमी टाकायची."

आनंदराव दुसऱ्या दिवशी सकाळीच शेडच्या चौकशीला बाहेर पडले.

स्टँडजवळ रफीक मुल्लांचं फॅब्रिकेशनचं दुकान होतं. रफीकभाई सरळ माणूस. त्यांनी तीन प्रकार दाखवले. पहिलं पक्कं, तिन्ही बाजूंनी पत्रा, समोर शटर. दुसरं शेडनेटचं, पाइपांवर हिरवी जाळी ताणलेली. तिसरं शहरातून तयार येणारं, मोटारगाडीसाठी केलेलं, वर कमानीसारखं कापड.

"हे तिसरं दिसायला झ्याक हाय," आनंदराव म्हणाले.

"दिसायला हाय," रफीकभाई म्हणाले. "पण तुमचा सायलेन्सर त्यातनं वर येणार. दर वेळी ट्रॅक्टर आत घेताना छताला भोक पडंल."

"आणि जाळी?"

"जाळीनं ऊन निम्मं आडंल. पाऊस सगळा आत येईल."

"मग पक्कंच घेऊ."

"पक्कं बेस्टच. पण आनंदराव, पक्क्याचा आकडा ऐकून तुमी खाली बसाल. आधी बसा, मग सांगतो."

आनंदराव आधी बसले, आकडा ऐकला आणि बसल्या जागी बराच वेळ बसून राहिले. शेवटी ते घरी जाऊन शालनला म्हणाले की जे काही परवडेल ते घ्यायचं, पण आधी परवानगीचा कागद काढून ठेवू.

तलाठी पोपळघट यांनी रीतसर जाहीर नोटीस काढली. नोटिशीची एक प्रत चावडीच्या फळ्यावर लावली आणि एक नलावड्यांच्या अंगणात, ट्रॅक्टरच्या चाकाला. पंधरा दिवसांत कुणाची हरकत असेल तर कळवावी. भावकी हरकत घेईल असं आनंदरावांना वाटत होतं, पण भावकीने काही केलं नाही.

अकराव्या दिवशी पाऊस तलाठी कार्यालयात आला. कार्यालयाचा एक कोपरा गळतो, तिथून तो आत आला आणि आवक नोंदवहीवर नऊ थेंब टाकले. पोपळघटांनी ते वाचले, शाई पसरण्याआधी शिक्का मारला आणि क्रमांक दिला.

बाराव्या दिवशी उन्हाने हरकत घेतली. चाकाला लावलेल्या नोटिशीवरची अक्षरं त्याने हवी तेवढीच उडवली, आणि जी उरली त्यांतून अर्ज तयार झाला. वाऱ्याने लेखी काही दिलं नाही. तो फळ्यावरची नोटीस तीन वेळा घेऊन गेला. तिसऱ्या वेळी पोपळघटांनी नवी प्रत लावली नाही आणि शेरा लिहिला : नोटीस पोचली, हरकत तोंडी समजावी.

आनंदरावांनी डोकं चालवलं. निळ्या ट्रॅक्टरला चारच वर्षं झाली होती, त्याच्यावर कुणाचीही वहिवाट नव्हती. त्यांनी लाल ट्रॅक्टर निळ्याच्या जागी लावला, निळा लालच्या जागी, आणि पोपळघटांना दोन पंचांसकट बोलावून आणलं.

"आता बघा," आनंदराव म्हणाले, "ज्या जागेवर वहिवाट हाय, तिथं लाल न्हाई. आणि ज्याच्यावर वहिवाट हाय, तो त्या जागी न्हाई. काढा हरकत."

पोपळघट दोन्ही ट्रॅक्टरांभोवती फिरले. मग म्हणाले, "पाऊस म्हणतो त्याचा हक्क ट्रॅक्टरवर आहे, तो जाईल तिथं. वारा म्हणतो त्याचा हक्क जागेवर आहे, तिथं काहीही असो. म्हणजे आधी एका ट्रॅक्टरची अडचण होती. आता दोन्हीची झाली."

"मग पुन्हा जागच्या जागी लावू का?"

"आता पंचांनी पाहिलंय. राहू द्या."

शालन पडवीच्या पायरीवर तांदूळ निवडत होती. ताटातला एक खडा तिने जरा लांब फेकला.

पंधरा मेला तालुक्याच्या कचेरीत सुनावणी लागली. तहसीलदार उबाळे मॅडम यांची कामाची पद्धत अशी की त्या कुणाला मध्येच तोडत नसत आणि कुणाला दोनदा बोलू देत नसत. ऊन दहा वाजल्यापासूनच खिडकीजवळच्या बाकावर येऊन बसलं होतं. ते सरकत होतं तसतशी बाकावरची इतर माणसं सरकत होती. वारा आल्यावर मॅडमनी पंखा बंद करायला सांगितला, म्हणजे कोण बोलतंय ते कारकुनाला कळावं. टेबलावरच्या फायलींवर शिपायाने दगड ठेवले.

पाऊस अकरा वीसला पोचला. बाहेर आभाळ स्वच्छ होतं, गावात कुठे थेंब नव्हता. तो थेट साक्षीच्या जागी येऊन उभा राहिला आणि शिपायाने त्याच्याखाली बादली लावली.

"उशीर झाला," मॅडम म्हणाल्या.

"केरळातलं काम अर्धवट टाकून आलोय," पाऊस म्हणाला. "मे महिन्यात मला इकडची तारीख देऊ नये अशी विनंती आहे. लोकांचा गैरसमज होतो."

ही विनंती लिहून घेण्यात आली.

आधी उन्हाचा जबाब झाला. ऊन म्हणालं, "ट्रॅक्टर आला तेव्हा लालभडक होता. चौदा वर्षं रोज राबून मी त्याचं बॉनेट गुलाबी केलं. डाव्या बाजूचं काम तर फारच चांगलं झालंय. अजून दोन-तीन वर्षं मिळाली असती तर पांढरा केला असता. आता शेड घातलं की सगळं अर्धवट राहणार."

"पांढरा करून तुम्हाला काय मिळणार?" मॅडमनी विचारलं.

"काम पुरं होईल," ऊन म्हणालं.

मग वारा. त्याचं म्हणणं थोडक्यात होतं. "मला थांबता येत नाही. अंगणातून माझा रोजचा रस्ता आहे. मध्ये भिंत आली तर मी पत्रे उचलून नेतो. हा माझा स्वभाव आहे, कृपया धमकी समजू नये."

रफीकभाई मागच्या बाकावर आले होते. पक्क्या शेडचं काय होणार ते त्यांना तिथेच कळलं आणि त्यांनी खिशातला आकड्याचा कागद घडी करून आणखी आत सारला.

शेवटी मॅडम पावसाकडे वळल्या. "तुम्हाला पडायला सबंध तालुका मोकळा आहे. याच ट्रॅक्टरचा आग्रह कशासाठी?"

बादलीतलं टपटपणं थांबलं. कारकुनाने पेन उचलून धरलं.

"मी आलो की सगळे आत जातात," पाऊस म्हणाला. "ज्यांनी मला बोलावलेलं असतं, तेसुद्धा. वाळत घातलेलं उचलतात, दारं लावतात, खिडक्या लावतात. सबंध गावात मी आल्यावर बाहेर येणारं एकच माणूस आहे. नलावड्यांच्या घरातली बाई. चौदा वर्षांत एकदाही चुकलेली नाही. शेड झालं तर ती येणार नाही."

कारकुनाने मॅडमकडे पाहिलं. "हे लिहू का?"

"लिहा."

शालन उठून उभी राहिली. तिला कुणी पुकारलं नव्हतं, पण मॅडमनी हाताने बोला म्हणून सांगितलं.

"मी तुझ्यासाठी येत न्हाई," शालन पावसाला म्हणाली. "ट्रॅक्टर झाकायला येते. तुझ्यापास्नं."

"ते मला माहीत आहे."

"मग?"

"तरी येता."

शालनने बाही मागे सारून मनगट दाखवलं. हाड जरा वाकडं जुळलं होतं. "हे तुझ्यामुळं झालं. सहा आठवडे डाव्या हातानं भाकरी थापल्या मी. एका हातानं भाकरी थापून बघितलीयास कवा?"

पाऊस म्हणाला, "त्या दिवशी मी लगेच थांबलो होतो."

"व्हय, थांबलावतास. पण मी पडल्यावर."

बादली भरली. शिपायाने ती उचलून दुसरी ठेवली. पहिलीचं पाणी त्याने कचेरीच्या दारातल्या कुंड्यांना घातलं.

शालन खाली बसणार होती, पण बसली नाही. तिला राग आला होता हे खरं, पण त्या रागात भलतंच काहीतरी मिसळलं होतं. चौदा वर्षं ती धावत बाहेर जात होती आणि ते कुणी मोजलं असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. घरात कुणी मोजलं नव्हतं. सासूने ती होती तोवर नाही, आनंदरावांनी तर नाहीच. आता मोजणारा निघाला तो हा, आणि तोही अंगाला पाणी निथळत सरकारी कचेरीत उभा. तिने पदराने तोंड पुसलं आणि मॅडमकडे वळली.

"साहेब, ह्याला जर बाहेर आलेलं माणूसच पायजे असलं, तर आमच्या घरात दोन माणसं हैत."

आनंदरावांनी मागे वळून पाहिलं, दुसरं कोण आलंय म्हणून.

"तुमीच," शालन म्हणाली.

मॅडमनी निकाल राखून ठेवला आणि आठवड्याने स्थळ पाहणीला स्वतः आंबळवाडीत आल्या. पोपळघटांनी टेप धरली, पंचांनी दुसरं टोक धरलं. पंचनामा चालू असताना हरकतदारांपैकी कुणी कामात अडथळा आणू नये अशी समज दिलेली होती. ऊन ढगाआड गेलं. वारा बाभळीत थांबायचा प्रयत्न करत होता. पाऊस बांधापलीकडे सरकून उभा राहिला. तिथे शेजारच्या जगतापांच्या मिरच्या वाळत होत्या. जगतापांनी त्याबद्दल वेगळा अर्ज दिला, तो अजून चालू आहे.

मॅडमनी ट्रॅक्टरचं बॉनेट पाहिलं. डावी बाजू खरंच छान गुलाबी झाली होती. शालन कुठून धावते, कुठे घसरली, विटा कुठे ठेवते, हे सगळं त्यांनी तिच्याबरोबर चालून पाहिलं. पडवीतून अंगणात यायला आनंदरावांना किती पावलं पडतात तेही मोजायला लावलं. ती सात निघाली. आनंदराव म्हणाले, एवढी असतील असं वाटलं नव्हतं.

निकाल दोन पानांचा होता. शेडला परवानगी मिळाली. वाऱ्याचा रस्ता अबाधित राहावा म्हणून कोणत्याही बाजूला भिंत, पत्रा किंवा शटर लावायचं नव्हतं, नुसते खांब आणि वर छप्पर. उन्हाचं काम पुरं व्हावं म्हणून पूर्वेकडचं छप्पर आखूड ठेवायचं होतं, म्हणजे सकाळी नऊपर्यंत त्याला बॉनेट मिळावं. मात्र सीट आणि टायर यांवर त्याचा हक्क राहणार नव्हता. छप्पर साध्या पत्र्याचंच हवं होतं. कापड, जाळी किंवा आवाज दाबणारं कुठलंही अस्तर चालणार नव्हतं, कारण चौदा वर्षं लोखंडावर पडलेल्या पक्षकाराला यापुढेही लोखंडच मिळालं पाहिजे.

शेवटचा परिच्छेद असा होता. पाऊस येईल त्या प्रत्येक वेळी नलावडे कुटुंबातल्या एका प्रौढ माणसाने अंगणात येऊन दोन मिनिटं उभं राहावं. छत्री चालणार नाही. ताडपत्री टाकण्याची आवश्यकता नाही. सौ. शालन यांनी चौदा वर्षं ही वहिवाट एकटीने सोसलेली असल्यामुळे पुढची चौदा वर्षं ही जबाबदारी श्री. आनंदराव यांच्यावर राहील.

"हे लई झालं," आनंदराव म्हणाले.

"अपील करता येतं," पोपळघट म्हणाले. "पण अपिलात शालनताईंचा जबाब पुन्हा होईल."

आनंदरावांनी अपील केलं नाही.

रफीकभाईंनी निकालाची प्रत नकाशासारखी भिंतीला लावली आणि काम धरलं. सायलेन्सरसाठी खांब एक फूट वाढवले, छपराला मागच्या बाजूला उतार दिला. भिंती नाहीत, शटर नाही, अस्तर नाही, त्यामुळे शेड नलावड्यांना सहज परवडलं. रफीकभाईंचा जीव थोडा हळहळला, पण त्यांनी बोल्ट एकही कमी घातला नाही.

"वहिनी," शेवटचा पत्रा बसवून खाली उतरताना ते म्हणाले, "वीस वर्षं शेडं घालतोय. गिऱ्हाईकाला शेड पसंत पडतं, न पडतं. पण वारा, ऊन, पाऊस तिघांनी पसंत केलेलं हे पहिलंच."

दोन्ही ट्रॅक्टर शेजारी शेजारी आत लागले. नव्या पत्र्याखाली लाल जरा बुजल्यासारखा दिसत होता, निळ्याचं तसं काही नव्हतं.

जुलैमध्ये एका गुरुवारी दुपारी जेवणं झाली आणि आभाळ भरून आलं. आनंदराव सवयीने म्हणाले, "शालन, ता..." आणि गप्प झाले. मग त्यांनी चप्पल काढली, धोतर खोचलं आणि सात पावलं चालून अंगणात जाऊन उभे राहिले.

पाऊस आला. शेडवर आला, पडवीच्या कौलांवर आला, परसातल्या शेवग्यावर आला. आनंदराव उभे होते तेवढी जागा सोडून सगळ्या अंगणात आला. आनंदराव कोरडेच होते.

"तुम्ही कोण?" पावसाने विचारलं.

"आनंदराव नलावडे. ट्रॅक्टरचा मालक."

"पाहिल्यासारखं वाटत नाही."

"मी पडवीत असायचो."

"इथं एक बाई येतात."

"ती माझी मंडळी. आता मी येणार. निकालात हाय तसं."

"निकाल मी वाचलाय," पाऊस म्हणाला. "पण तुम्ही तेच कशावरून?"

आनंदराव आत गेले आणि आधार कार्ड घेऊन आले. पावसाने ते पाहिलं. फोटो जुना आहे म्हणाला. आनंदराव पुन्हा आत गेले. या वेळी शालनने कॅलेंडरचं मागचं पान फाडलं, पेनने लिहिलं की सदर इसम माझा नवरा असून माझ्या वतीने भिजण्यास मुखत्यार आहे, आणि खाली सही केली. आनंदरावांनी कागद अंगणात वर धरला. पावसाने तो शाई उतरेपर्यंत वाचला.

"ठीक आहे," तो म्हणाला आणि आनंदरावांवर पडू लागला.

पडायला लागल्यावर मात्र त्याने काही हातचं राखलं नाही. आनंदरावांच्या टोपीतून पाणी मिशीत आलं, मिशीतून सदऱ्यात गेलं. ते खांदे आवळून, डोळे बारीक करून उभे होते. चौदा वर्षांत ते पहिल्यांदाच या अंगणात पावसात उभे होते, आणि अंगण पडवीतून दिसायचं त्यापेक्षा बरंच मोठं आहे असं त्यांना वाटलं. जोर एकदम वाढला तेव्हा त्यांच्या मनात आलं की ही बाई यात विटा कशा उचलत असेल. ते म्हणावंसंही वाटलं, पण तोंड उघडलं की पाणी आत जात होतं.

शालन चहा घेऊन शेडमध्ये गेली. लाल ट्रॅक्टरच्या पायरीवर पाय देऊन ती वर चढली आणि सीटवर बसली. सीट कोरडी होती. चारी बाजूंनी पाऊस दिसत होता आणि वरून पत्रा ताशासारखा वाजत होता. तिने चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि नवऱ्याकडे बघत सावकाश प्यायला लागली.

"शालन!" आनंदराव अंगणातून ओरडले. "झाली का गं दोन मिन्टं?"

शालनने घड्याळाकडे पाहिलं. पडवीतलं घड्याळ तिथून स्वच्छ दिसत होतं. सहा मिनिटं झाली होती.

"काय म्हंता?" ती ओरडली. "ऐकू येत न्हाई. पत्रा लई वाजतोय!"